कोडचे तुकडे कुठे ठेवावेत?

प्रश्न: कामात जमवलेले कोडचे तुकडे वही, ईमेल, व्हॉट्सॲप असे विखुरले आहेत. वेळेवर एकही सापडत नाही. काय करावे?

उत्तर: सगळे साध्या टेक्स्ट फाइलींत आणा, विषयागणिक एक फाइल. ॲप बंद पडतात. टेक्स्ट फाइल कुठेही उघडते आणि युनिक्सवर १९७३मध्ये आलेला ग्रेप आजही त्यातून हवी ती ओळ क्षणात काढून देतो.

खरी मेख नोंदीत आहे. तुकड्याच्या वर एरर मेसेज जसाच्या तसा चिकटवा, कारण पुढच्या वेळी तुम्ही शोधणार तोच. लायब्ररीची आवृत्ती लिहा, उपाय का लागू पडला तेही लिहा. ‘का’ नसलेला तुकडा मी ठेवतच नाही.

या फाइलींचा फोल्डर गिटमध्ये ठेवा, पण पासवर्ड त्यात कधीही नको. नंतर पुसला तरी जुन्या कमिटमध्ये तो राहतो. चुकून गेलाच, तर आधी पासवर्ड बदला.