कंसोलवरचे चौकोन आणि मराठी मजकूर

लिनक्स संगणकाचा नेहमीचा चित्रमय पडदा सुरू झाला नाही, की समोर येतो तो काळा, नुसत्या मजकुराचा पडदा. त्याला कंसोल म्हणतात. तेथे मराठी फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. मग विद्यार्थी 'फाइल गेली' असे धरून चालतो आणि प्रबंधाचे प्रकरण पुन्हा टंकायला बसतो. बहुतेक वेळा ते श्रम अनाठायी असतात. मजकूर जागच्या जागी असतो, पडद्याजवळ खिळे नसतात.

खिळे हा छापखान्याचा शब्द येथे मुद्दाम वापरला. कंसोलच्या पेटीत सामान्यतः २५६, फार तर ५१२ खिळे मावतात. रोमन लिपीला ते पुरून उरतात. बरे, त्यांत देवनागरी भरली तरी जुळारी कोठून आणायचा? 'स्थिती' हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा. युनिकोडमध्ये तो सहा संकेतांनी साठवला जातो: स, हलन्ताचे चिन्ह, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. वेलांटी साठवली जाते 'थ'नंतर, काढायची मात्र आधी. आणि 'स'चा पाय मोडून तो 'थ'ला जोडायचा. ही जुळणी कंसोल करत नाही. एका संकेताला एक खिळा, एवढेच त्याला ठाऊक. वर्ण आणि अक्षर यांतला भेद आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो, तो येथे असा आडवा येतो.

सगळी गडबड मात्र एका जातीची नसते. एकसारखे चौकोन दिसले, तर संकेत ओळखले गेले आहेत, फक्त खिळा नाही. एकच परके चिन्ह पुन्हा पुन्हा डोकावणारा गिचमिडा दिसला, तर कंसोल यूटीएफ-८ पद्धतीत नाही. त्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा असतो आणि ते तीन तुकडे सुटे वाचले जात आहेत. 'युनिकोड_स्टार्ट' ही आज्ञा दिल्यावर गिचमिडा जाऊन चौकोन आले, तर ती प्रगतीच समजावी! तिसरा प्रकार म्हणजे स्वच्छ रोमन अक्षरांची निरर्थक रांग. तो मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असतो. त्याला रूपांतरच हवे. पडद्याची कोणतीही मांडणी बदलून तो वाचता येणार नाही.

खात्रीसाठी 'फाइल' ही आज्ञा देऊन पुढे फाइलचे नाव लिहावे. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टंकताना रोमन लिपी आणि लहान अक्षरे.) उत्तरात यूटीएफ-८ आले, तर निर्धास्त व्हावे. अशी फाइल कंसोलवरच्या संपादकात उघडून जतन मात्र करू नये. ती पेनड्राइव्हवर उतरवून चित्रमय पडदा असलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडावी. संगणकाच्या सूचनाच मराठीत असून चौकोनी दिसत असतील, तर 'एलसी_ऑल' या चलाला 'सी' हे मोठे रोमन अक्षर द्यावे. सूचना इंग्रजीत येतील, पण निदान वाचता येतील.