विणकामातील पोताचे नमुने : वरच्या प्राथमिक वर्गांसाठी एक पाठ

वरच्या प्राथमिक वर्गांत कार्यानुभवाच्या तासाला सुयांवरचे विणकाम घ्यावयाचे ठरले म्हणजे बहुधा असे घडते की, मुलींना मफलर किंवा लहान बाळाचा स्वेटर विणावयास सांगितला जातो, आणि मुलगे तेवढा वेळ बागेत अथवा मैदानावर धाडले जातात. दिवाळीपर्यंत वीतभर काम होते. मग परीक्षा येते, विणकामाची पिशवी खुंटीला लागते, आणि वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तो स्वेटर एकाएकी पुरा होतो. तो कोणाच्या हातचा आहे हे शिक्षकांस कळते, आईस कळते, आणि सर्वांत अधिक त्या मुलीस कळते. गुण मात्र तिच्या नावावर मांडले जातात. दुसऱ्याने केलेले काम आपले म्हणून दाखविता येते, हा धडा ती त्या तासाला शिकते. आणि तो धडा विणकामापेक्षा फार अधिक काळ टिकतो.

यात मुलीचा दोष नाही. काम तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. मुलाच्या मापाच्या साध्या स्वेटरची केवळ पाठ घेतली, आणि ती ८० टाक्यांची व १०० ओळींची धरली, तरी टाके होतात ८,०००. नवशिका हात मिनिटाला दहा टाके घालतो असे मानले, तर एकट्या पाठीलाच तेरा तासांहून अधिक वेळ लागेल. पुढचा भाग, बाह्या व गळा निराळेच. शाळा, गृहपाठ, घरचे पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे हे सर्व करून उरणाऱ्या वेळात एवढे काम तडीस जाणे कठीण आहे. याउलट २१ टाक्यांची व २४ ओळींची एक वीण अवघ्या ५०४ टाक्यांत पुरी होते; त्याच गतीने पन्नास मिनिटांत. म्हणजे दीड तासिकेत विद्यार्थ्याच्या हाती एक पुरी झालेली वस्तू येते, आणि ती निःसंशय त्याचीच असते. म्हणून शिकणाऱ्याने स्वेटरकडे न वळता आधी विणीचे नमुने करावे, असे या पाठाचे सांगणे आहे.

नमुना हा शब्द येथे थोडा स्पष्ट केला पाहिजे. दुकानदार कापडाचा तुकडा दाखवितो तसा हा नमुना नव्हे. एखादी वीण हाताला कशी लागते, ती आखडते की पसरते, कडा वळतात की सरळ राहतात, हे पाहण्यासाठी मुद्दाम विणलेला हा छोटा तुकडा होय.

आपल्या भाषेत विणणे हे क्रियापद फार उदार आहे. कोष्टी साडी विणतो, धनगराच्या लोकरीची घोंगडी विणली जाते, बाज विणतात, टोपली विणतात, आणि स्वेटरही विणतात. परंतु घोंगडीत उभे आणि आडवे असे दोन वेगळे धागे एकमेकांच्या खालीवर जातात. सुयांवरच्या विणकामात एकच सलग धागा असतो आणि तो स्वतःच्याच फासांतून ओवला जातो. घोंगडीतला एक धागा तुटला तर तेवढीच जागा विरते. स्वेटरचा एक टाका सुटला तर शिडीसारखी उभी वाट खालपर्यंत उसवत जाते. विद्यार्थ्यांना दोन्हींचे तुकडे हातात देऊन हा भेद ताणून पाहू द्यावा. घोंगडी फारशी ताणली जात नाही. विणलेला मोजा ताणला जातो, कारण त्यातील प्रत्येक फास आपला आकार बदलू शकतो.

मूळ टाके दोनच. जुन्या फासातून नवा फास मागून पुढे ओढला म्हणजे सुलट टाका होतो. पुढून मागे ढकलला म्हणजे उलट. आणि खरे पाहता ते दोनही नव्हेत, कारण समोरून जो सुलट दिसतो तोच मागून उलट दिसतो. ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचे काम उलटून पाहूनच पटवून घ्यावी. सुलट टाका दिसतो तो लहानशा त्रिकोणी पानासारखा. उलट टाका आडव्या गाठीसारखा.

आता चौकटीची वही घ्यावी आणि तीत दोन आडवी व दोन उभी अशी चार घरे आखावी. एक घर म्हणजे समोरून दिसणारा एक टाका. रिकामे घर सुलट, ठिपका दिलेले घर उलट. ही चार घरे भिंतीवरील फरशीप्रमाणे पुनःपुन्हा मांडीत गेले म्हणजे पुरी वीण तयार होते. चार घरे किती प्रकारांनी भरता येतील? प्रत्येक घराला दोन पर्याय, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण १६. विद्यार्थ्यांनी हे सोळाही प्रकार वहीत काढावे. मग त्यांच्या ध्यानी येईल की, पुष्कळ प्रकार केवळ एका घराने सरकविलेले आहेत. ठिपका डाव्या वरच्या घरात असो की उजव्या खालच्या, सबंध कापडात फरक पडत नाही. असे जुळे प्रकार एकत्र केले की सात उरतात. त्या सातांपैकी दोन जोड्या एकमेकींच्या पाठी आहेत: सर्व सुलट व सर्व उलट ही एकाच कापडाची दोन अंगे, तसेच एक ठिपका व तीन ठिपके हीही. उरली पाच कापडे. ही पाचही एकाच लोकरीची, त्याच सुयांची, तेवढ्याच टाक्यांची. आणि तरी प्रत्येकाचा पोत निराळा. या गोष्टीचे आश्चर्य विद्यार्थ्यांना वाटले तर पाठ निम्मा झाला असे समजावे.

पाचही विणी एकाच लांब पट्टीवर, एकीपुढे एक अशा विणाव्या. त्यामुळे पुनःपुन्हा टाके घालावे लागत नाहीत. २१ टाके घालावे. विषम संख्या मुद्दाम घेतली आहे. प्रत्येक वीण २४ ओळी करावी. समोरच्या बाजूने विणावयाच्या त्या विषम ओळी, काम उलटल्यावरच्या त्या सम ओळी.

पहिली सपाट वीण: विषम ओळ सर्व सुलट, सम ओळ सर्व उलट. दुसरी वळ्यांची वीण: सर्वच ओळी सुलट. तिसरी उभ्या पट्ट्यांची, जिला घरोघरी बॉर्डर म्हणतात: विषम ओळीत एक सुलट, एक उलट, शेवटी सुलट; सम ओळीत एक उलट, एक सुलट, शेवटी उलट. चौथी साबुदाण्याची वीण: प्रत्येक ओळीत एक सुलट, एक उलट, शेवटी सुलट. पाचवी माळेची वीण: विषम ओळीत एक सुलट, एक उलट, शेवटी सुलट, सम ओळ सर्व उलट. हिच्यात गुळगुळीत उभ्या रेघांमधून मण्यांच्या माळा सोडल्यासारख्या दिसतात.

वळ्यांच्या विणीत सर्व ओळी सुलट विणूनही वहीतील आकृतीत एक ओळ रिकामी व एक ठिपक्यांची कशी, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारील. विचारावाच. मागच्या बाजूने घातलेला सुलट टाका समोरून उलट दिसतो, हेच त्याचे उत्तर. आणि परतीची ओळ आकृतीत डावीकडून उजवीकडे वाचावी लागते, हे त्याला जोडून सांगावे.

पट्टी पुरी झाली की ती मेजावर पसरावी आणि तिच्या कडेकडे पाहावे. कड सरळ नसते. बॉर्डरच्या जागी पट्टी कमरेत आवळल्यासारखी होते. वळ्यांच्या विणीचा तुकडा रुंद पण उंचीला बुटका होतो. ओळी तेवढ्याच असूनही सपाट विणीहून तो आखूड भरतो. सपाट विणीच्या उभ्या कडा मागे वळतात. साबुदाणा शांतपणे पडून राहतो. फूटपट्टीने पाचही तुकड्यांची लांबी व रुंदी मोजून वहीत तक्ता करावा. अंदाजाने लिहू नये.

असे का होते? वाकविलेला धागा सरळ होऊ पाहतो, म्हणून सुलट टाक्याच्या दोन्ही बाजू मागे वळू पाहतात आणि त्याचे डोके व पाय पुढे येऊ पाहतात. उलट टाक्याचे याच्या अगदी विरुद्ध. म्हणून सुलट व उलट टाके शेजारी शेजारी उभ्या रांगांत ठेवले तर सुलट रांग पुढे येते, उलट मागे दडते, आणि कापड आडवे आखडते. तेच टाके आडव्या ओळींत ठेवले तर उलट ओळ पुढे उठते, सुलट आत जाते, आणि कापड उभे आखडते. साबुदाण्यात हे ओढे चोहोंकडून सारखे पडतात, म्हणून कापड कोणत्याच बाजूस वळत नाही. मनगटाला बॉर्डर का घालतात आणि मफलरला सपाट वीण एकटी का चालत नाही, हे एवढ्यावरून विद्यार्थी स्वतः सांगू शकतो. मुख्याध्यापकांनी तपासणीच्या वेळी मफलर किती लांब झाला हे न विचारता हे विचारावे.

गणिताच्या शिक्षकांसही ही पट्टी उपयोगी पडते. समजा, सपाट विणीत १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात. तर ५० सेंटिमीटर घेराच्या टोपीला ११० टाके लागतील. परंतु दुसऱ्या मुलीचा हात घट्ट असून तिचे १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसतात, आणि तिनेही ११० टाकेच घातले, तर टोपी सुमारे ४६ सेंटिमीटरची होईल आणि डोक्यात शिरताना त्रास देईल. त्रैराशिकाची उदाहरणे मजूर व दिवस यांच्यावरच घातली पाहिजेत असे नाही.

उलट टाका आज इतका सहज वाटतो, परंतु त्याचा पुरावा बराच उशिरा मिळतो. ईजिप्तमध्ये सापडलेले मध्ययुगीन सुती मोजे रंगीत धाग्यांच्या नक्षीचे आहेत. त्यांची शोभा रंगात आहे, पोतात नाही. १५६२ मध्ये मरण पावलेली फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा हिच्या दफनातील रेशमी मोज्यांवर मात्र उलट टाक्यांची नक्षी स्पष्ट दिसते, आणि अशा प्रकारच्या जुन्या नमुन्यांत त्या मोज्यांची गणना होते. पुढे जर्मनीकडील मुली एका अरुंद लांब पट्टीवर एकापुढे एक विणी विणून ती गुंडाळून ठेवीत. नवी वीण हवी तेव्हा पुस्तकाऐवजी ती पट्टी उलगडावयाची. वर सांगितलेली पट्टी त्याच रीतीची आहे. अमेरिकेत बार्बरा वॉकर यांनी १९६८ मध्ये विणींचा मोठा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याचा पाया असे छोटे तुकडेच होते.

हे काम मुलींचेच, ही समजूत इतिहासास धरून नाही. यूरोपात मोजे व टोप्या विणणाऱ्या पुरुष कारागिरांचे संघ होते. फ्रान्समधील लांद या दलदलीच्या प्रदेशातले मेंढपाळ उंच काठ्यांवर चढून कळप राखीत आणि राखता राखता विणीत. तेव्हा मुलग्यांना मैदानावर धाडण्याचे कारण विणकामात नाही, आपल्या वेळापत्रकात आहे.

साहित्याविषयी थोडे. सुया नंबर ८ च्या, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या घ्याव्या. आपल्याकडील जुन्या पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानात ध्यानात ठेवावे. सुया नसल्यास बांबूच्या कामट्या तासून पॉलिशपेपरने गुळगुळीत कराव्या. धागा अडकता कामा नये, एवढीच अट. बाजारात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. शिकण्यास ती चालते, परंतु ती कृत्रिम धाग्याची आहे हे विद्यार्थ्यांस सांगावे. रंग फिका घ्यावा; काळ्या धाग्यावर टाके दिसत नाहीत आणि संध्याकाळच्या दिव्यात डोळ्यांना ताण पडतो. पाच विणींच्या पट्टीस एक लहान गुंडा पुरतो. ज्यांना तोही परवडत नाही त्यांनी तुकडा मोजून, आकृती वहीत उतरवून, मग उसवावा आणि त्याच धाग्यावर पुढची वीण करावी. उसविलेला धागा लाटालाटांचा होतो. त्याची लड करून ओली करून टांगली की बराच सरळ येतो.

अभ्यासाच्या दिवसांत हा छंद सांभाळावयाचा तर ओळीच्या मध्ये कधी थांबू नये. ओळ पुरी करून, पुढची ओळ कोणती त्याचा आकडा वहीत टिपून पिशवी बंद करावी. परीक्षेपूर्वीच्या पंधरवड्यात काम खुशाल बाजूस ठेवावे. आकडा लिहिलेला असला म्हणजे नंतर तेथूनच धागा उचलता येतो. अध्यापक विद्यालयांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या छात्राध्यापकांनीही अशी एक पट्टी शिकत असतानाच स्वतः करून ठेवावी. वर्गात दाखविण्यासाठी फळ्यावरील आकृतीपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

ज्या वर्गात हा पाठ लवकर संपेल तेथे तीन आडव्या व तीन उभ्या घरांची चौकट द्यावी. मांडण्या ५१२ होतात; सरकविल्याने जुळणाऱ्या एकत्र केल्या म्हणजे ६४. त्या सर्व काढण्याची सक्ती करू नये. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक निवडून विणावी. मात्र येथे ओळी तीन, म्हणजे विषम असल्याने दुसऱ्या आवर्तनाची पहिली ओळ मागच्या बाजूने विणावी लागते. म्हणून विणण्यापूर्वी तीन नव्हे, सहा ओळी शब्दांत लिहून काढाव्या आणि त्या शेजारच्या विद्यार्थ्याकडून तपासून घ्याव्या.