आधी डमी लोड, मग गच्ची

अगं, पहिली गोष्ट मनातून काढून टाक. हॅम रेडिओवर तू देतेस त्या ‘सीक्यू’च्या हाकेला कोणी उत्तर देत नाही, याचा तुझ्या आवाजाशी, उच्चारांशी किंवा तू नवखी असण्याशी काडीचाही संबंध नाही. चाळीस मीटरवर सकाळी बसणारी मंडळी नवा कॉलसाइन कानावर पडला की धावून येतात. त्यातून मुलीचा आवाज असेल तर दोघं-तिघं एकदमच बोलायला लागतात. ती गप्प आहेत, कारण तू त्यांना ऐकूच येत नाहीयेस. दोष कुठेतरी तारेत, सोल्डरमध्ये नाहीतर एखाद्या बटणात आहे. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं लिहिलंयस ना, ते वाचून मला फार वाईट वाटलं. तीन महिने जागून परीक्षा पास झालेली मुलगी तू!

तू म्हणतेस, ‘ताई, मला तर सगळं स्पष्ट ऐकू येतं, मग अँटेना ठीकच असणार.’ नाही गं, तेवढ्यावरून काही कळत नाही. सात मेगाहर्ट्झवर आकाशातून आणि घराघरांतून येणारी खरखर इतकी मोठी असते की तुझ्या रिगची, म्हणजे रेडिओ संचाची, स्वतःची खरखर तिच्यापुढे काहीच नाही. केबल सडली आणि तिच्यातून दहावाच हिस्सा उतरला, तरी समोरच्याचा सिग्नल आणि खरखर दोन्ही एकाच मापाने कमी होतात. तू आवाजाचं बटण थोडं वाढवतेस आणि कानाला फरक कळत नाही. पाठवताना मात्र तुझ्या पन्नास वॅटचे पाच झालेले असतात. म्हणजे चांगलं ऐकू येणं आणि चांगलं पोचणं या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या.

आता गच्चीवर धावू नकोस. अँटेना दिसते, म्हणून सगळे आधी तिलाच हात घालतात, आणि मग चांगली तार कापून बसतात. आधी डमी लोड. म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर पोटात घेणारा रोध; पन्नास ओहमचा, तुझी पॉवर सोसेल एवढा. नसेल तर क्लबमधल्या कोणाकडून मागून आण, पण त्याच्याशिवाय काही करू नकोस. रिगच्या मागचं अँटेनाचं कनेक्टर काढ आणि तिथे छोट्या जोडतारेने एसडब्ल्यूआर मीटर (किती पॉवर जाते आणि किती परत येते ते दाखवणारा) आणि डमी लोड लाव. मोड एफएम ठेव, पीटीटी (बोलायचं बटण) दाब, पाच सेकंदांत मीटर वाचून सोड. एसएसबीवर ही तपासणी करू नकोस. तिथे तू बोलशील तेव्हाच पॉवर निघते, गप्प राहिलीस तर काटा शून्यावरच राहणार, आणि तू उगाच घाबरशील.

एवढ्या एका तपासणीने निम्मी शोधाशोध संपते. डमी लोडवर पूर्ण पॉवर दिसली, तर रिग बहुधा चांगला आहे आणि दोष कनेक्टरपासून पुढे, गच्चीच्या दिशेने आहे. नाही दिसली तर दोष टेबलावरच आहे, आणि गच्चीवर जायची गरजच नाही.

टेबलावरच्या फुकटच्या गोष्टी मात्र आकडा काहीही आला तरी आधी बघ. पॉवरचं बटण कोणी खाली फिरवलं नाही ना? स्प्लिट चालू राहिलंय का? तसं असेल तर तू ऐकतेस एका फ्रीक्वेन्सीवर आणि बोलतेस दुसऱ्याच. सात मेगाहर्ट्झवर एलएसबीच आहे ना? यूएसबीवर असशील तर समोरच्याला नुसती गिचमिड ऐकू येईल, आणि तो पुढे निघून जाईल. डमी लोडवर एफएमला पॉवर आहे पण एसएसबीवर बोलताना काटा हलत नाही, असं झालं तर माइक, त्याची वायर आणि माइक गेन, एवढ्यातच शोध.

आणि पॉवर सप्लाय. याच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून मी यावर जरा जास्त बोलणार आहे. शंभर वॅटचा रिग नुसता ऐकत असतो तेव्हा साधारण एक अँपिअर घेतो, पूर्ण पॉवरने पाठवताना वीसच्या आसपास. वायरीत, फ्यूजच्या खोबणीत आणि जोडांवर मिळून ०.१ ओहम एवढा किरकोळ रोध असला, तर ऐकताना ०.१ व्होल्ट पडतो आणि पाठवताना दोन. १३.८ चे ११.८ झाले की रिग कुरकुरायला लागतो. पॉवर खाली येते, डिस्प्ले मंदावतो, आवाज थरथरतो, कधी रिग बंद होऊन पुन्हा सुरू होतो. टाकी भरलेली असून नळाला करंगळीएवढी धार यावी, तसं. म्हणून मल्टिमीटर सप्लायच्या टोकाला लावू नकोस, रिगच्या पाठीमागे लाव, आणि पीटीटी दाबलेला असताना आकडा बघ. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत फ्यूजच्या खोबणीतलं पितळ हिरवं पडतं. तिथे हात लावून बघ, गरम लागलं तर चोर सापडला.

पण तू सांगितलेल्या लक्षणांवरून मला वाटतं, तुझा रिग डमी लोडवर नीट चालेल. मग केबलकडे वळ.

केबलची दोन्ही टोकं सोडव. खालच्या टोकाला मल्टिमीटर लाव. मधली पिन आणि बाहेरचं कवच यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर कुठेतरी जाळीचा एखादा केस पिनेला टेकलाय. मग वरच्या टोकाला पिन आणि कवच तात्पुरतं जोड, आता खाली जवळजवळ शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर आतून तुटलंय. अँटेना लावलेली ठेवून हे मोजू नकोस, काही अँटेना आणि बालून मल्टिमीटरला मुळातच शॉर्ट दाखवतात.

मल्टिमीटरने पास झालेली केबलही फसवते, त्यासाठी मला आवडणारी एक तपासणी सांगते. वरचं टोक मोकळं सोड, पॉवर पाच वॅटवर आण आणि क्षणभर पीटीटी दाबून एसडब्ल्यूआर बघ. मोकळ्या टोकावरून सगळं परत यायला हवं, काटा एकदम उजवीकडे पळाला पाहिजे. तो दोनवर शहाण्यासारखा बसून राहिला, तर केबल सगळी पॉवर पोटात घालतेय. भिजलेली केबल एसडब्ल्यूआर सुंदर दाखवते ती अशी. ७.००० पासून ७.२०० पर्यंत सगळीकडे १.१ आला म्हणून तू खूश झाली होतीस ना? मला त्याच आकड्याने शंका आली. तारेच्या साध्या डायपोलचा एसडब्ल्यूआर एका जागी उतरतो आणि दोन्ही बाजूंना चढतो. सपाट रेघ आली की आधी केबल तपासायची.

पाणी शिरतं ते वरच्या कनेक्टरमधून. टोकापासून वीतभर आत केबलचं काळं आवरण ब्लेडने उभं चीर. आतली जाळी चमकली तर ठीक. काळी पडली असेल, बोटाला हिरवट भुकटी लागली, तर जाळीने पाणी आतवर ओढलंय. तेवढा तुकडा कापून भागत नाही. चमकणारी जाळी लागेपर्यंत मागे मागे ये, आणि अर्धी केबल गेली तर सरळ नवी घे. आईला सांग, दिवाळीची भेट ताईकडून.

नव्या केबलला पीएल-२५९ लावशील तेव्हा छोटी २५ वॅटची सोल्डरगन वापरू नकोस. त्या कनेक्टरच्या अंगाला चार भोकं असतात, त्यांतून सोल्डर खालच्या जाळीपर्यंत वाहून गेलं पाहिजे. जाड पितळ उष्णता खाऊन टाकतं. छोट्या गनने सोल्डरचा गोळा वरच बसतो, दिसायला छान आणि आत मोकळा. पहिले काही दिवस तो नुसत्या दाबाने चालतो, मग एक दिवस केबल हलली की आवाज गायब. ८०-१०० वॅटची गन घे, पितळ आधी कानसीने थोडं खरवड, तापू दे, आणि सोल्डर पाण्यासारखं आत सरकताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ. जोड झाल्यावर वरून रबराची ताणून गुंडाळायची टेप लाव. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दे, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जाईल.

टू मीटरला केबलचं महत्त्व आणखी वाढतं. १४५ मेगाहर्ट्झवर तीस मीटर आरजी-५८ मध्ये सुमारे सहा डेसिबल जातात, म्हणजे दहा वॅटचे अडीच उरतात. तिथे आरजी-२१३ घे. आणि हँडीवर मला पुण्यात गाठायचं वेड डोक्यातून काढ, मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. त्यासाठी डोंगरावरचा रिपीटर हवा. तो उघडत नसेल तर ६०० किलोहर्ट्झचं ऑफसेट योग्य दिशेला आहे का आणि टोन बसवलाय का, एवढं बघ.

केबलही नीट निघाली, तर मग आली अँटेना. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २० मीटर, म्हणजे प्रत्येक हात साधारण १० मीटर. एसडब्ल्यूआरचा तळ बँडच्या खाली येत असेल तर तार लांब आहे. कापू नकोस, टोकं मागे दुमडून बांध आणि पुन्हा मोज. आणि एसडब्ल्यूआर दीड-दोन आला तर तो आणखी खाली आणायला जीव काढू नकोस. दीडला चारच टक्के पॉवर परत येते. तीनला पाव परत येते, आणि त्याआधीच बहुतेक रिग स्वतःला वाचवायला पॉवर उतरवतात.

एक लक्षण मात्र या सगळ्यात बसत नाही. डमी लोडवर आवाज स्वच्छ, पण अँटेना लावली की लोक म्हणतात ‘तुटतोय, गुरगुरतोय’. बोलताना माइकचा धातू ओठाला चटका देतो, कॉम्प्युटरचा माउस गोठतो. मग केबलच्या बाहेरच्या अंगावरून आरएफ घरात येतंय. अँटेनाला केबल जोडलीय तिथे फेराइटच्या मोठ्या रिंगवर केबलचे दहा-बारा वेढे घाल, माइकच्या आणि सप्लायच्या वायरींवरही फेराइट बसव. नुसतं अर्थिंग वाढवत बसलीस तर दिवस जातील.

हे सगळं करताना एका वेळी एकच बदल कर आणि वहीत लिही. काय बदललं, आकडा किती होता, किती झाला. तारीख टाक. कोणत्या दिवशी हे स्टेशन लागेल सांगता येत नाही. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅमच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. फोन बंद पडले, आणि त्यांच्या स्टेशनवरून अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचली. त्या दिवशी सोल्डर तपासायला वेळ नव्हता, स्टेशन आधीपासून चालू होतं. आपल्याच जिल्ह्यात २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, ते तू पाहिलंयस. तुझं स्टेशन पावसाळ्याआधी धड व्हावं असं मला मनापासून वाटतं, ते यासाठी.

आणि जीवाला जप. तार चढवताना आजूबाजूला विजेची लाइन असेल तर ती जागाच सोड, ओल्या बांबूतूनही वीज वाहते. गच्चीवर एकटी जाऊ नकोस, बाबांना खाली उभं कर. ट्रान्समिट चालू असताना तारेला कोणी हात लावायचा नाही. वळवाचे ढग दिसले की केबल रिगवरून काढून खिडकीबाहेर.

उद्या डमी लोडवरचा आकडा मोज आणि मला फोनवर सांग, वॅट आणि व्होल्ट दोन्ही. केबल बदलायची ठरली तर मी पुण्याहून कनेक्टर आणि टेप कुरिअर करते. रविवारी सकाळी आठला मी ७.०८० च्या आसपास ऐकत बसेन. फ्रीक्वेन्सी मोकळी आहे का ते आधी विचार, मग कॉलसाइन दोनदा, सावकाश. मला ऐकू आलं नाही तर फोन करेन आणि आपण पुन्हा पहिल्या कनेक्टरपासून बघू.