नगर परिषदेला तुरुंग चालवता येईल का?

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथल्या काही गावांच्या नगरपालिका स्वतः तुरुंग चालवतात, राज्याचे कैदी ठेवून घेतात आणि त्याचे पैसे मिळवतात, असे तो सांगत होता. आपल्या भंडारा नगर परिषदेला असे करता येईल का? तेवढेच उत्पन्न वाढेल.
– एक वाचक, तुमसर

उत्तर : भाच्याने सांगितले ते पूर्वी खरे होते. शाफ्टर, डेलानो, टाफ्ट, कोअलिंगा या लहान शहरांनी कॅलिफोर्निया राज्याशी करार करून असे तुरुंग चालवले. लुईझियानात तर राज्याचे निम्म्याच्या आसपास कैदी स्थानिक शेरीफांच्या तुरुंगांत राहत आले आहेत, माणशी दररोज ठरलेल्या दराने.

आपल्याकडे हे होणार नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत चौथी नोंद तुरुंगांची आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांची पाचवी, म्हणजे अगदी शेजारची. पण दोन्ही वेगळ्या. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी १८ विषयांची यादी दिली. तीत पाणी आहे, रस्ते आहेत, दिवाबत्ती आहे, मोकाट गुरांचा कोंडवाडाही आहे. तुरुंग नाही. भंडाऱ्याचे जिल्हा कारागृह शहरात असले तरी ते राज्याच्या कारागृह विभागाचे. त्याचे मुख्यालय पुण्याला. तालुक्याच्या दुय्यम कारागृहाचा अधीक्षक तहसीलदार असतो, पण तोही राज्याचाच अधिकारी.

एकाचे कैदी दुसऱ्याने सांभाळायचे, हा प्रकार मात्र आपल्या कायद्यात आहे. त्याच चौथ्या नोंदीत एका राज्याने दुसऱ्याचे तुरुंग वापरण्याची व्यवस्था लिहिलेली आहे, आणि १९५०च्या कायद्यानुसार दोन्ही सरकारांच्या संमतीने कैदी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येतो. आपल्या घराजवळचे उदाहरणही घ्या. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तरी तिकडच्या कच्च्या कैद्यांना भंडाऱ्याला आणण्याची पद्धत पुढेही चालू राहिली. सरकार एकच, त्यामुळे करार नाही आणि माणशी भावही नाही.

भाव नाही हे मला फार मोलाचे वाटते, कारण देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन जण कच्चे कैदी आहेत. खटला सुरू आहे, गुन्हा सिद्ध व्हायचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे, एकाहून अधिक खटले असे अपवाद आहेत. आणि मुदत भरली की न्यायालयाला लेखी अर्ज करण्याचे काम कायद्याने कारागृह अधीक्षकावरच टाकले आहे. आता कल्पना करा, रोज डोक्यामागे पैसे मिळणाऱ्या तुरुंगाच्या अधीक्षकाला असा प्रत्येक अर्ज म्हणजे उत्पन्नातली घट. तो अर्ज वेळेवर निघेल याची खात्री मला देता येणार नाही.

उत्पन्नाचे म्हणाल, तर कोअलिंगाचे पुढे काय झाले तेही भाच्याला विचारा. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाला तुरुंगांतली गर्दी कमी करायला लावली. त्याच वर्षी राज्याने नवे धोरण आणले, करार थांबवला आणि गावाचा तुरुंग रिकामा झाला. गावावर कर्ज होते. शेवटी २०१६ मध्ये ती इमारत गांजाचा अर्क काढणाऱ्या कंपनीला सुमारे ४१ लाख डॉलरना विकली.

शिवाय कैदी जिथे पाठवाल तिथे त्याच्या माणसांना जावे लागते. लाखांदूरहून भंडाऱ्याच्या मुलाखतीला निघालेल्या आईची रोवणीतली एका दिवसाची मजुरी बुडते. मुलाला लांब शिक्षा झाली की तिला पुढे नागपूरला मध्यवर्ती कारागृहात जावे लागते. ई-मुलाकातीने चेहरा दिसतो, पण त्यासाठी घरात स्मार्टफोन हवा.

तुमच्या ओळखीत कोणी आत असेल, तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.