प्रसूती आणि दुबळे संयोजी ऊतक

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. तेथे घडविलेला लोहमार्गाचा रूळ बाहेर पडण्यापूर्वी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासला जातो. कारण पोटातील चीर डोळ्यांना दिसत नाही.

मानवी शरीरातही भार पेलणारे द्रव्य आहे. त्वचा, सांध्यांचे बंध, रक्तवाहिन्यांच्या भित्ती व गर्भाशय यांना सांधून धरणाऱ्या या तंतुमय द्रव्यास संयोजी ऊतक म्हणतात. (शब्द जड आहे खरा, पण दुसरा रूढ नाही.) त्यातील कोलाजेन या प्रथिनाचे तीन पेड वेणीसारखे गुंफलेले असतात, हे मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी 1954-55 मध्ये दाखविले. हे किंवा याच्या जोडीचे तंतू काही व्यक्तींत जन्मतःच सदोष असतात. मार्फान व एलर्स-डॅनलॉस हे विकार त्यांतूनच उद्भवतात.

गरोदरपणी रक्ताचे आकारमान सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढते. निरोगी स्त्रीस हा भार सोसतो. मार्फान विकारात मात्र हृदयातून निघणारी महारोहिणी रुंदावून कधी चिरते. म्हणून गर्भधारणेपूर्वीच तिचा व्यास मोजावा. आणि येथेही उपयोगी पडतात त्या श्राव्यातीत लहरीच. व्यास 45 मिलिमीटरहून अधिक भरल्यास गर्भधारणा टाळून आधी शस्त्रक्रियेचा विचार करतात. व्यास कमी असला तरी प्रसूतीपर्यंत तपासणी पुनःपुन्हा करावी लागते.

एलर्स-डॅनलॉस विकाराचे प्रकार अनेक. काहींत प्रसूती अनपेक्षित वेगाने होते, टाके ऊतकास कापीत निसटतात, स्थानिक भूल पुरेशी चढत नाही. 'मला दुखते आहे' असे म्हणणाऱ्या अशा स्त्रीस भित्री ठरविणे हा अन्याय होय. रक्तवाहिन्यांना ग्रासणारा प्रकार सर्वांत घातक. त्यात रोहिणी वा गर्भाशय फाटू शकते. अशी प्रसूती रक्तसाठा व शल्यचिकित्सक सज्ज असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

हे सारे साधते ते विकार आधी ओळखला तरच. हे विकार बहुधा आनुवंशिक असतात. मार्फान विकारात प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. भिलाईत तर नाना प्रांतांतील कुटुंबे येऊन वसली. सुनेच्या माहेरी कोणी तरुणपणी अकस्मात दगावले काय, कोणाचे सांधे वारंवार निखळत काय, हे सासरी ठाऊक नसते. पहिल्याच तपासणीत ते तिलाच विचारावे.

बाळंतपण सुखरूप झाले तरी पुढील काही आठवडे धोका टळत नाही. त्या काळात छातीत किंवा पाठीत एकाएकी फाडल्यासारखी कळ उठली, तर तिला वातावर घालवू नये. बाळंतिणीस तत्काळ रुग्णालयात न्यावे.