मांडव, पंगत आणि विम्याचे संरक्षण

तुळशीचे लग्न लागले, की महाराष्ट्रात गावोगावी मांडव उभे राहू लागतात. लग्नसराई, शाळांची स्नेहसंमेलने, ग्रामदैवतांच्या यात्रा, कृषिप्रदर्शने आणि पावसाळ्याच्या अखेरीस गणेशोत्सव व नवरात्र अशा क्रमाने वर्षभर कोठे ना कोठे मांडवाचे खांब रोवले जात असतात. एके काळी मांडव घालणे हे भावकीचे आणि गावकीचे काम होते. बांबू शेजारच्या वाडीतून येत, मोठी पातेली देवस्थानाची असत आणि वाढपी घरचेच असत. आचारी सोडला तर बाहेरचे माणूस क्वचितच लागे.

आज हे चित्र पार बदलले आहे. मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक, भोजन, जनित्र, फुलांची सजावट अशी प्रत्येक बाब स्वतंत्र व्यावसायिकाकडे गेली आहे आणि या सर्वांची मोट बांधणारा कार्यक्रम-व्यवस्थापक हा एक नवा व्यवसाय उदयास आला आहे. तालुक्याच्या गावीदेखील अनेक कुटुंबे या उद्योगावर पोट भरतात. तथापि, गावकीचे काम व्यवसाय झाले तेव्हा त्यातील जोखीमही एका माणसाच्या शिरावर आली, याची जाणीव पुष्कळांना अद्याप झालेली नाही. विमा घ्यावयाचा तो गोदामातील मालाचा, अशीच सर्वसाधारण समजूत आढळते. माल जळाला तर व्यवसाय काही काळ मागे पडतो. परंतु मांडवाखाली माणसे होरपळली तर त्या दायित्वाखाली संपूर्ण व्यवसाय आणि राहते घरही जाऊ शकते. विम्याचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

मेरठचा धडा

उत्तर प्रदेशातील मेरठ शहरातील व्हिक्टोरिया पार्क येथे १० एप्रिल २००६ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाच्या मांडवाला आग लागली. ६५ जणांचा मृत्यू झाला आणि दीडशेहून अधिक लोक भाजले. मांडव उभारणे, वीजपुरवठा इत्यादी कामे आपण ठेकेदाराकडे सोपविली होती, सबब दायित्व त्याचे, अशी भूमिका आयोजकांनी घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निकालात ही भूमिका अमान्य केली आणि नुकसानभरपाईचा भार आयोजक व राज्य शासन यांच्यात ६० आणि ४० टक्के असा विभागला. दुर्घटनेनंतर सोळा वर्षांनी हा निकाल लागला.

त्यापूर्वी २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियानातील डबवाली येथे एका शाळेच्या समारंभाच्या मांडवाला लागलेल्या आगीत चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. या प्रकरणीही भरपाईचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयांपुढे राहिला.

या दोन घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. काम दुसऱ्याकडे सोपविले म्हणून दायित्वही त्याच्याकडे जाते, असे आयोजकाने गृहीत धरू नये. आणि कार्यक्रम आपला नव्हे म्हणून आपण सुटलो, असे मंडपवाल्यानेही समजू नये. आप्तस्वकीय गमावलेल्या कुटुंबाला भरपाई वेळेवर मिळावी आणि देणाऱ्याकडे ती देण्याची ऐपत असावी, यासाठी विम्याची योजना आहे.

सार्वजनिक दायित्वाचा विमा

आपल्या व्यवसायामुळे तिऱ्हाईत व्यक्तीला इजा झाली किंवा तिच्या मालमत्तेची हानी झाली, आणि तिची भरपाई देणे कायद्याने बंधनकारक ठरले, तर ती रक्कम विमापत्रातील मर्यादेपर्यंत विमा कंपनी देते. यास सार्वजनिक दायित्वाचा विमा म्हणतात. कमान कोसळून पाहुणा जखमी होणे किंवा भाड्याने घेतलेल्या सभागृहाच्या छताला रोषणाईच्या तारांमुळे आग लागणे, ही त्याची उदाहरणे होत.

असे विमापत्र घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रत्येक अपघातामागे आणि संपूर्ण मुदतीत मिळून भरपाईची कमाल मर्यादा किती आहे. दुसरी, विम्याची मुदत केवळ समारंभाच्या दिवसापुरती नसावी. खांब रोवताना आणि मांडव उतरविताना धोका कमी नसतो. म्हणून सामान जागेवर पोहोचल्यापासून ते परत निघेपर्यंतचा काळ विमापत्रात आला पाहिजे. तिसरी, आयोजकाचे नाव विमापत्रात समाविष्ट करता येते काय, याची चौकशी करावी.

मांडवावर चढणारा कामगार

वीस फूट उंचीवर बांबूला दोर आवळणारा तरुण हा बहुधा रोजंदारीवरचा असतो. तो पडला तर दवाखान्याचा खर्च देऊन आणि घरी चार पैसे पोहोचवून विषय मिटविण्याची प्रथा आहे. परंतु कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी १९२३ सालच्या कायद्याने मालकावर टाकली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. यासाठी कर्मचारी नुकसानभरपाई विमा मिळतो. त्याचा हप्ता कामगारांची संख्या, कामाचे स्वरूप आणि त्यांना दिले जाणारे वेतन यांवर ठरतो. हप्ता वाचविण्यासाठी चारच माणसे दाखवावयाची आणि ऐन हंगामात वीस माणसे चढवावयाची, हा व्यवहार अपघाताच्या दिवशी अंगाशी येतो.

कामगारांना टेम्पोत बांबूंच्या भाऱ्यावर बसवून नेण्याची पद्धतही सर्रास दिसते. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांची भरपाई देण्यास वाहनाची विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला आहे. टेम्पोचा विमा आहे, एवढ्या समाधानावर माणसे मालावर बसविणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पंगतीतील अन्न

भोजन-व्यावसायिकाची जोखीम निराळी असते. उन्हाळ्यात सकाळी केलेली बासुंदी संध्याकाळच्या पंगतीपर्यंत टिकेलच, याची शाश्वती नसते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या ६५ व्या कलमानुसार अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास ३ लाखांपर्यंत आणि इतर इजा झाल्यास १ लाखापर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. चारशे पानांच्या पंगतीत पन्नास माणसे आजारी पडली, तर ही रक्कम कोठवर जाईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. सार्वजनिक दायित्वाच्या विमापत्रात अन्नविषबाधेचा समावेश बहुधा स्वतंत्रपणे मागून घ्यावा लागतो. तो आहे किंवा नाही, हे हप्ता भरण्यापूर्वी विचारून घेणे इष्ट.

मालाचा विमा आणि त्यातील उणीव

कनाती, गालिचे, खुर्च्या, पातेली, ध्वनिक्षेपक ही या व्यवसायाची पुंजी. १ एप्रिल २०२१ पासून सूक्ष्म उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे प्रमाणित विमापत्र उपलब्ध आहे. एका जागेवरील एकूण ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेस ते लागू होते आणि आग, वादळ, पूर, भूकंप इत्यादी आपत्तींचा त्यात समावेश आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्या वेळी गोदामाचे पत्रे उडणे म्हणजे काय, हे कोकणाने अनुभवले आहे.

मात्र मालाचे मूल्य कमी दाखविण्याचा मोह टाळला पाहिजे. समजा, एखाद्या मंडपवाल्याकडे २० लाखांचा माल आहे आणि त्याने विमा १० लाखांचाच उतरविला. आगीत ४ लाखांचे नुकसान झाले, तर निम्म्या मालाचा विमा नव्हताच असे धरून त्यास २ लाखच मिळू शकतात. वर उल्लेखिलेल्या विमापत्रात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, निम्म्याची नव्हे.

दुसरी उणीव जागेची. गोदामाच्या पत्त्यावर घेतलेला विमा माल गोदामात असेतोवर उपयोगी पडतो. परंतु या व्यवसायातील माल हंगामात गोदामात राहतच नाही. तो आज एका गावी, तर उद्या दुसऱ्या गावी आणि मधल्या रात्री रस्त्यावर असतो. म्हणून वाहतुकीतील व कार्यस्थळावरील मालासाठी निराळी तरतूद मागावी. घरफोडीचा विमाही वेगळा घ्यावा लागतो.

कार्यक्रम रद्द झाला तर

आग, वादळ किंवा प्रमुख व्यक्तीचा मृत्यू अशा अनिवार्य कारणाने कार्यक्रम रद्द करावा लागल्यास झालेला खर्च भरून देणारी विमापत्रेही मिळतात. तिकिटे खपली नाहीत किंवा वधूवरांचे मन बदलले, तर मात्र ती लागू होत नाहीत. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुढे लग्नास ५० माणसांची मर्यादा आली, तेव्हा घेतलेला विसार परत करण्याची पाळी असंख्य व्यावसायिकांवर आली. साथीच्या रोगाची जोखीम विमापत्रात आहे की वगळलेली आहे, हे वाचून पाहण्याची सवय निदान त्या अनुभवातून लागावयास हवी. विसार केव्हा परत करावयाचा आणि केव्हा नाही, हे ग्राहकाशी करावयाच्या लेखी करारात नमूद करणेही तितकेच महत्त्वाचे.

उत्सवांनी घातलेला पायंडा

या बाबतीत महाराष्ट्रातील सार्वजनिक उत्सवांचे उदाहरण बोलके आहे. मुंबईतील किंग्ज सर्कल येथील जी. एस. बी. सेवा मंडळाने २०२२ च्या गणेशोत्सवासाठी सुमारे ३१६ कोटी रुपयांचा विमा उतरविला होता. त्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांचा वाटा सुमारे ३२ कोटींचा होता. स्वयंसेवक, पुजारी, आचारी, रखवालदार इत्यादींच्या वैयक्तिक अपघातांसाठी तब्बल २६३ कोटींची आणि सार्वजनिक दायित्वासाठी २० कोटींची तरतूद होती. दागिन्यांपेक्षा माणसांच्या विम्याची रक्कम आठपट होती, ही बाब विचार करण्याजोगी आहे. दहीहंडीच्या थरांवर चढणाऱ्या गोविंदांसाठीही राज्य शासनाने २०२३ साली प्रत्येकी ७५ रुपये हप्ता भरून ५० हजार गोविंदांचा विमा उतरविला. लहान मंडळाला कोट्यवधींचा विमा परवडणार नाही. परंतु माणसांना अग्रक्रम देण्याचे तत्त्व कोणालाही आचरता येईल.

दावा करताना

विमा कायद्याच्या ६४-व्हीबी या कलमानुसार हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. म्हणून ‘कार्य झाल्यावर पैसे देतो’ ही व्यवहारातील सवय येथे चालत नाही. अपघात घडताच जखमींना उपचार मिळवून देणे हे पहिले कर्तव्य. त्यानंतर विमा कंपनीस विनाविलंब कळवावे आणि सर्वेक्षक येण्यापूर्वी जळालेले सामान हलवू नये. सुरक्षिततेसाठी हलवावेच लागले तर आधी छायाचित्रे घ्यावीत. पोलीस पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल, खरेदीची बिले आणि मालाची नोंदवही जपून ठेवावी. ही नोंदवही ज्या गोदामात माल आहे त्याच गोदामात ठेवू नये, हे सांगावयास नकोच. कंपनीच्या संमतीवाचून भरपाईची रक्कम परस्पर कबूल करू नये; अन्यथा दावा अडचणीत येतो.

दावा नाकारला गेला आणि कंपनीकडे केलेल्या तक्रारीनेही समाधान झाले नाही, तर एकल मालकीचे व्यवसाय व सूक्ष्म उद्योग यांना विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत विनाशुल्क दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

सावधगिरीला पर्याय नाही

विमा उतरविला म्हणजे निष्काळजीपणाची मुभा मिळाली, असे नाही. पुरेशी दक्षता घेणे ही विमापत्राचीच एक अट असते. तात्पुरत्या मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ८७५८ उपलब्ध आहे. कृत्रिम धाग्यांचे कापड व दोर टाळणे, वीजवाहक तारांखाली मांडव न घालणे, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे, ही पथ्ये पाळण्यास फारसा खर्च येत नाही. स्थानिक प्राधिकरण आणि अग्निशमन दल यांची परवानगी घेणे आवश्यक असेल तेथे ती लेखी घ्यावी. तिच्या अभावी दाव्याबाबत वाद निर्माण होऊ शकतो.

मांडवाच्या दारी आंब्याचे तोरण बांधताना आलेल्या प्रत्येकाचे क्षेम चिंतिले जाते. ज्या व्यावसायिकाच्या हातांनी ते तोरण बांधले जाते, त्याने येत्या हंगामाचा पहिला विसार घेण्यापूर्वी आपल्या विमापत्रात मालाबरोबर कामगार आणि पाहुणे यांचीही दखल घेतली आहे किंवा नाही, हे एकदा तपासून पाहावे. आयोजकांनीही मांडवाचा दर ठरविताना विमापत्राची प्रत मागावी. एवढी दोन पथ्ये पाळली गेली, तर अपघातानंतर भरपाईसाठी सोळा-सोळा वर्षे वाट पाहण्याची वेळ कोणत्याही कुटुंबावर सहसा येणार नाही.