मोरचुदातलं पाणी गेलं कुठे?

रत्नागिरीतल्या एका क्लासच्या टेस्टमध्ये माझे चार मार्क गेले, ते अजून पचलेले नाहीत. प्रश्न होता, ५ ग्रॅम निळ्या मोरचुदात ऑक्सिजनचे अणू किती? माझं उत्तर १.०८५ गुणिले १०चा २३वा घात. छापील उत्तर ७.५५ गुणिले १०चा २२वा घात.

आमची गुहागरला पोफळीची बाग आहे. पावसाआधी कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण होतं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. निळा खडा म्हणजे काय, हे मला सरांनी शिकवायला नको होतं. त्या निळेपणात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात. म्हणून मोलर मास २४९.७. सरांनी कोरड्या सल्फेटचा, १५९.६ धरला.

मी उठून विचारलं, तर म्हणाले, "पाणी वेगळं, पदार्थ वेगळा. अणू मोजतेयस की बादल्या?" वर्ग हसला. बाटलीवरचं लेबल दाखवलं, तर "कंपन्या काहीही छापतात." पुढच्या बॅचच्या उत्तरपत्रिकेत मात्र गुपचूप २४९.७ आलं. आमचे मार्क तसेच राहिले!

तर, नावावर थांबू नका, 'निळं', 'स्फटिक', 'निर्जल' असले शब्द आधी शोधा. धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात तर पाण्याचे दहा रेणू. तिथे १०६ आणि २८६ एवढा फरक पडतो. वस्तुमानाला मोलर मासने भागलं की मोल, त्याला ६.०२२ गुणिले १०च्या २३व्या घाताने गुणलं की एककं. अणू अजून आलेलेच नाहीत! एका एककात हवे ते अणू किती, त्याने पुन्हा गुणायचं. इथे सल्फेटचे चार आणि पाण्याचे पाच, म्हणजे नऊ.

उत्तर दुसऱ्या वाटेनेही ताडून बघा. २४९.७ मध्ये ऑक्सिजन १४४, म्हणजे ५ ग्रॅममध्ये साधारण २.८८ ग्रॅम. भागिले १६, ०.१८ मोल. जुळलं. सरांना हे दोन मिनिटांत करता आलं असतं.

मिलिग्रॅमचे ग्रॅम करा, एककं लिहा, घाई करू नका, हे सगळे सांगतातच. ॲव्होगॅड्रो संख्येच्या पुढच्या दशांशांवरून भांडू नका. २०१९ पासून ती ठरवूनच टाकलीय, आणि परीक्षेला ६.०२२ पुरते. भांडायचंच तर सूत्रावरून भांडा, आणि लेखी.

घरच्या मोरचुदावर गणित करणार असाल, तर उन्हात उघडं राहून पांढरट पडलेलं घेऊ नका. त्यातलं थोडं पाणी गेलेलं असतं, मग ना २४९.७ खरं, ना १५९.६. सरांचा आकडा खरा करायचा तर खडा २०० अंशांच्या वर तापवावा लागेल, आणि मग प्रश्नातला 'निळ्या' शब्द खोडावा लागेल.